पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? (समुद्रकाठच्या दमट हवेचा विचार करून सांगा)

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळ राहतो, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. मुलगी सातवीत आहे. गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी आकाशदर्शन होतं, तिथे रांगेत उभं राहून तिने शनी पाहिला. वाट्याला आले पाच-सहा सेकंद. पण तेव्हापासून ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रोज काहीतरी टिपून ठेवते. चंद्र किती वाजता वर आला, कुठला तारा कुठल्या माडाच्या मागून निघाला, असं.

दिवाळीच्या आत तिला दुर्बीण घेऊन द्यायचा विचार आहे. हाताशी पंधरा हजार आहेत. ऑनलाइन पाहिलं तर ७०/७००, ७६/७००, ११४/१००० असे आकडे आणि प्रत्येक खोक्यावर "५२५ पट मोठं दिसेल" असं काहीतरी. आमच्या दोघांचाही या विषयाशी कधी संबंध आला नाही. अंगण आहे, पण तिन्ही बाजूंना माड. पावसाळ्यात घरात चपलांनाही बुरशी येते, तिथे दुर्बीण टिकेल का? चुकीची वस्तू घेतली तर पोरीचा उत्साह जाईल, ही खरी काळजी आहे.

सड्यावरून
ताई, आधी त्या आकड्यांचं बघू, म्हणजे खोक्यावरच्या जाहिरातीतून सुटका होईल. ७०/७०० मधला पहिला आकडा भिंगाचा व्यास, ७० मिलिमीटर. दुसरा त्याचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर. डोळा लावतो त्या नेत्रिकेवरही एक आकडा असतो, २५ किंवा १० असा. ७०० ला २५ ने भागलं की २८ पट, १० ने भागलं की ७० पट. झालं गणित.

आता ते ५२५ कुठून आलं? खोक्यात ४ मिमीची एक बारीक नेत्रिका आणि तीनपट करणारी बार्लो नावाची नळी देतात. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित बरोबर आहे, पण दिसत काही नाही. व्यासाच्या मिलिमीटरमागे साधारण दोन पट, एवढंच मोठं करून उपयोग असतो. म्हणजे ७० मिमीला १४०. त्यापुढे चित्र फक्त फुगतं आणि अंधूक होतं. म्हणून पट किती हे विचारूच नका, व्यास किती ते विचारा.

उजेड गोळा होतो तो व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ७० मिमीचं भिंग त्याच्या शंभरपट उजेड आत घेतं. १३० मिमीचा आरसा ७० च्या जवळजवळ साडेतीनपट. मग सगळ्यांनी मोठीच का घेऊ नये, तर ती उचलून बाहेर न्यायची कोणी? तुमच्या अंगणात माड आहेत म्हणजे शनी या कोपऱ्यातून, तर चंद्र त्या कोपऱ्यातून बघावा लागणार. सातवीतल्या मुलीला एकटीने उचलून हलवता येईल तीच दुर्बीण रोज बाहेर निघेल. बाकीच्या माळ्यावर जातात. मी आजवर आठ-दहा घरांत हे पाहिलंय.

माझं मत: ७०/७००, साध्या वरखाली-डावीउजवीकडे फिरणाऱ्या माउंटवर (दुर्बीण धरणाऱ्या बैठकीवर), सव्वा इंची नेत्रिकांची. काही स्वस्त दुर्बिणींना त्याहून बारीक, ०.९६५ इंची नळीच्या नेत्रिका असतात. त्या घेऊ नका, पुढे बदलायला चांगल्या नेत्रिका मिळत नाहीत.

वल्हं
मालवणहून. मी जरा वेगळं सांगतो. दुर्बीण पुढच्या वर्षी घ्या, या वर्षी १०×५० चं (दहा पट, ५० मिमी भिंगांचं) बायनॉक्युलर घ्या. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, चित्र उलटं नाही, जोडाजोड नाही. कृत्तिका त्यात जशा दिसतात तशा मोठ्या दुर्बिणीत दिसत नाहीत, कारण अख्खा पुंजका एका नजरेत मावतो. देवयानी दीर्घिकेचा धुरकट डाग, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, चंद्रावरची मोठी विवरं, आणि कोपर भिंतीवर टेकवून धरलं तर गुरूचे चंद्रसुद्धा. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याची दुर्बीण साधारण वीसपटीची होती.

आणि आपण कोकणात राहतो याचा फायदा घ्या. दिल्लीवाल्यांना जे क्षितिजाशी धुळीत शोधावं लागतं किंवा दिसतच नाही, ते आपल्याला दक्षिणेकडे नीट दिसतं. माघ-फाल्गुनात अगस्त्य चांगला वीस अंश वर असतो. एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ पंचवीस अंशांवर येतो, बायनॉक्युलरमध्ये कापसाच्या बोंडासारखा. त्याच्या खाली त्रिशंकू. हे सगळं कोपरं टेकून आरामखुर्चीत पडून बघायचं.

शनीची कडी मात्र बायनॉक्युलरमध्ये दिसत नाहीत. ते आधीच सांगतो.

खाडीपलीकडे
वल्हं दादा, मुलीला शनीच हवा आहे ना!

वल्हं
मग दुर्बीणच घ्या. जिच्यासाठी घ्यायची तिला काय बघायचंय हे माझ्या आवडीपेक्षा महत्त्वाचं. तरी शेजारीपाजारी कोणाच्या बोटीवर ७×५० असेल तर महिनाभर मागून घ्या. आकाशाचा नकाशा डोक्यात बसला नसेल तर दुर्बीण कुठे रोखायची तेच कळत नाही.

जुनी पेटी
बुरशीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण मी पोळले आहे.

माझी पहिली दुर्बीण शहरातल्या एका दुकानातून आणली होती. मे महिन्यात आणली, तीन रात्री वापरली आणि आगोटीची कामं सुरू झाली. मी ती तिच्याच थर्माकोलच्या खोक्यात, वर कापडी पिशवी घालून, कपाटात ठेवून दिली. गणपतीत पाहुण्यांना दाखवायला उघडली. भिंगाच्या कडेपासून आतपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. पुसून पाहिलं तर हलेनात, कारण ते दोन भिंगांच्या मध्ये होते. साफ करून आणली, पण बुरशीने काचेवरचा थर खाल्ला होता, त्याचे डाग राहिले ते राहिलेच. दुकानदाराने घेताना यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आता माझी पद्धत अशी आहे. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा. दुर्बिणीची नळी आणि नेत्रिका त्यात, स्टँड बाहेर. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून ओल घालवायची आणि पुन्हा आत. तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. पूर्वी लोक कॅमेऱ्याच्या कपाटात ४० वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, तेही चालतं, पण पिवळा तापणारा बल्ब हवा, एलईडीला ऊब नसते. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा डबा उघडून भिंग उजेडात तिरकं धरून बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: थंडीत आपल्याकडे दव मरणाचं पडतं. रात्री अकरानंतर नळीला हात लावला तर ओला होतो. ओल्या भिंगावर टोपी लावून आत ठेवलीत की बुरशीला तुम्हीच पाट-पाणी मांडलंत. घरात आणायची, टोपी काढून पंख्याखाली तासभर आडवी ठेवायची, सुकली की मग डब्यात. भिंग कापडाने पुसायचं नाही.

सड्यावरून
जुनी पेटी यांचा प्रतिसाद छापून दुर्बिणीबरोबर दिला पाहिजे. थोडी भर घालतो. नळीच्या तोंडाला काळ्या जाड कागदाची किंवा जुन्या योगासनाच्या चटईची वीतभर लांब गुंडाळी लावा, दव भिंगापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि समुद्र एवढा जवळ आहे तर खारी हवा स्क्रू आणि सांधे खाते. स्टँडच्या स्क्रूंना महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. काचेच्या आसपास तेल नको.

नवा कोरा
मी बारावीत आहे, चिपळूण. ईक्यू (इक्वेटोरियल) माउंट चांगला म्हणतात, तारा आपोआप मागे धरता येतो. तो का नको? आणि ११४/१००० मध्ये व्यासही मोठा आणि नळीही आखूड, मग वाईट काय?

सड्यावरून
दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

ईक्यू माउंटचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो जेवढे आपले अक्षांश. चिपळूण, गुहागरला साधारण साडेसतरा अंश, मालवणला सोळा. म्हणजे हाताची वीत लांब धरली तर तेवढाच. एक तर माडपोफळींच्या मागे तो दिसतच नाही. दुसरं, हे छोटे ईक्यू माउंट बनतात ते चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांसाठी. सतरावर आणलं की त्यातल्या बऱ्याच माउंटांची वजनाची दांडी स्टँडच्या पायाला अडते आणि तोल जातो. मी दोन वर्षं त्याच्याशी झगडलो. नवशिक्याने पहिली रात्र स्क्रू पिळण्यात घालवू नये.

११४/१००० चं म्हणजे, आरशाच्या दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराच्या जवळपास असायला हवी. हजार मिमीचं नाभीय अंतर आणि नळी हातभर, तर समजा की नेत्रिकेच्या नळीत एक जादा भिंग बसवून अंतर ताणलंय. स्वस्तात ते भिंग सुमार असतं, प्रतिमा कधीच नीट टोकदार होत नाही, आणि आरसे जुळवणं, ज्याला कॉलिमेशन म्हणतात, ते डोकेदुखीचं होतं. ११४/९०० लांब नळीची असेल तर तक्रार नाही.

रंधा
मी देवरुखकडचा, सुतारकाम करतो. आरशाच्या दुर्बिणीला घाबरवू नका लोकांना. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन आहे आणि वाडीतली पोरं ती स्वतः फिरवतात. खाली फिरती लाकडी बैठक, वर नळी, ढकललं की फिरते, सोडलं की थांबते. ही रचना लोकप्रिय केली जॉन डॉब्सनने. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात १९४४ पासून २३ वर्षं संन्यासी होता. पैसे नव्हते, तर जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून आरसा केला आणि पुठ्ठ्याच्या नळीत बसवला. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा.

कोकणासाठी एक सूचना माझ्या धंद्यातली. तयार डॉब्सोनियनची बैठक बहुतेक वेळा भुशाच्या पाटीची असते, वर चकचकीत कागद. आपल्या पहिल्याच पावसाळ्यात ती कडांनी फुगते आणि फिरायची बंद होते. आल्या आल्या सगळ्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं व्हार्निशचे दोन-तीन हात देऊन बंद करा. माझी फुगली तेव्हा मी मरीन प्लायची नवी केली, चार पावसाळे झाले, हलली नाही. गावातल्या कोणत्याही सुताराला जुनी बैठक माप म्हणून दिलीत तर तो करून देईल.

आरसा हलतो हे खरं. आंबा घाटातून गाडीने आणली की जुळणी बिघडलेली असते. पण ती करायला शिकायला एक दुपार लागते. आठ इंची मात्र बैठकीसकट वीस किलोंच्या आसपास जाते, ती घरच्या माणसांची संख्या बघून घ्या.

नवा कोरा
आरसा स्वतः घासता येतो का?

रंधा
येतो. पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेने अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करतं. घ्यायच्या आधी अशा एखाद्या रात्री जाऊन पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून या. प्रवासखर्च वाया जात नाही.

बुरुजाखाली
विजयदुर्गचा आहे. दुर्बिणीचा विषय निघाला की आमच्या किल्ल्यातले साहेबाचे ओटे आठवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून गेला. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली आणि पुढे हेलियम सापडलं. शाळेत आम्हाला सांगायचे की हेलियम ओळखणारे इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरसाहेब ग्रहण बघायला इथेच, या ओट्यांवर बसले होते.

जुनी पेटी
नम्रपणे दुरुस्ती करते. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिली. ग्रहणाच्या वेळी फ्रान्सचे जान्सेन होते ते गुंटूरला. पट्टा विजयदुर्गावरून गेला हे मात्र पक्कं, आणि त्या ओट्यांवर उभं राहून मलाही दरवेळी भरून येतं. आपल्या किनाऱ्याचा या विद्येशी जुना संबंध आहे. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३ चा. ताईंच्या मुलीला हे जरूर सांगा, तिच्या घरापासून ते गाव लांब नाही.

बुरुजाखाली
धन्यवाद, हे ठाऊक नव्हतं. शाळेत सांगेन.

सूर्याचं निघालंच आहे तर: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, एक क्षणही नाही. काही खोक्यांत नेत्रिकेला लावायची छोटी काळी काच देतात. उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. अशी काच आली असेल तर मुलीच्या हाती लागण्याआधी फोडून टाका. आणि दिवसा दुर्बीण अंगणात टोपीशिवाय सोडू नका, लहान मूल येऊन डोळा लावेल.

वल्हं
सड्यावर जाणार असाल तर अजून एक. कातळसड्यासारखी जागा नाही, चारही बाजूंनी आकाश मोकळं. पण फुरसं तिथेच असतं, दगडांच्या फटीत आणि वाळल्या गवतात. पूर्ण बूट, हातात बॅटरी, आणि चटईवर बसण्याऐवजी खुर्ची. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एका झटक्यात ते घालवतो. पश्चिमेला बोटींचे दिवे असतील तर त्यांच्याकडे पाठ करा.

सड्यावरून
ताई, शेवटची एक गोष्ट, मुलीला आधीच सांगून ठेवा. मोबाइलवर दिसतात तसे गुलाबी-निळे तेजोमेघ दुर्बिणीत दिसत नाहीत. ते फोटो कॅमेरा मिनिटं-तास उघडा ठेवून काढलेले असतात. डोळ्याला मृगातला तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसेल. शनी वाटाण्यापेक्षा लहान दिसेल. त्यातही मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून दिसायच्या स्थितीत आली होती, त्यानंतर ती हळूहळू पुन्हा उघडत जातात, पण सुरुवातीला बारीकच दिसतात. हे माहीत असेल तर ती हिरमुसणार नाही.

आणि पौर्णिमेला चंद्र बघू नका. कोजागरीला लोक हौसेने दुर्बीण काढतात आणि सपाट पांढरी थाळी बघून आत जातात. शुद्ध पंचमी ते अष्टमी, उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. तिथे सावल्या लांब पडतात.

खाडीपलीकडे
मंडळी, बरेच दिवसांनी लिहिते. तुमचं सगळं वाचून ७०/७०० मागवली. मधल्या काळात शेजारच्या काकांच्या बोटीवरचं ७×५० मिळालं, त्यावर मुलगी कृत्तिका आणि देवयानी शिकली. कार्तिक शुद्ध सप्तमीला दुर्बीण पहिल्यांदा अंगणात काढली. नळीवरची छोटी शोधक दुर्बीण दुपारीच समोरच्या माडाच्या शेंड्यावर जुळवून ठेवली होती.

चंद्राच्या सीमेवर, पार अंधाराच्या बाजूला, एकटाच एक पांढरा ठिपका होता. मुलीला वाटलं काचेवर काही पडलंय. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं तर तो मोठा झालेला आणि बाजूला दुसरा उगवलेला. मग तिलाच सुचलं, डोंगराचं टोक आहे, तिकडे सकाळ होतेय! तिने मला हाताला धरून आणलं. मी चाळिशीत आहे, चंद्रावर सूर्योदय होताना पहिल्यांदा पाहिला.

एक अडचण आहे. ७० पटीला लावलं की साधा हात लागला तरी चित्र थरथरतं, आणि शनी तीन मिनिटांत बाजूला सरकून जातो.

सड्यावरून
वाचून फार आनंद झाला ताई. गॅलिलिओने १६०९ मध्ये चंद्राच्या अंधाऱ्या बाजूचे असेच ठिपके पाहून तिथे डोंगर आहेत हे ओळखलं होतं. तुमच्या लेकीने ते कोणी न सांगता ओळखलं.

शनी सरकतो कारण पृथ्वी फिरते, त्याला इलाज हळूच ढकलत राहणं. आधी २८ पटीत मधोमध आणा, मग नेत्रिका बदला. थरथरीसाठी स्टँडचे पाय पूर्ण बाहेर न काढता अर्धेच काढा, ती खुर्चीवर बसून बघू शकेल. आणि तिपाईच्या मधल्या ताटलीखाली वाळूची पिशवी लटकवा, दोन-तीन किलोंची. वाळू नदीची घ्या, समुद्राची नको, तिचं मीठ सांध्यांत जातं.

खाडीपलीकडे
पिशवी बांधली, खूपच फरक पडला. मुलगी विचारते आहे, शनीच्या डाव्या बाजूला, कड्यांच्या रुंदीच्या साधारण चौपट अंतरावर एक बारीक ठिपका आहे. तो टायटन का?

सड्यावरून
असू शकेल. तिला आज शनी आणि तो ठिपका कागदावर काढून तारीख घालायला सांगा, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. साधा तारा असेल तर शनी त्याला मागे टाकून जाईल. टायटन असेल तर शनीला सोडणार नाही, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाईल आणि सोळा दिवसांनी बरोबर याच जागी परत येईल.